सीसी तेवढाच, ताकद वेगळी

विहिरीवरचे जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन आणि बांधाशी उभी केलेली मोटारसायकल ही जोडी महाराष्ट्रातल्या बागायती गावांत वर्षानुवर्षे दिसत आली आहे. अशा संथ ठोक्याच्या इंजिनांपैकी पुष्कळशी इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या नमुन्यावर बेतलेली असत. राजकोटच्या कारखान्यांनी त्या नमुन्याच्या नकला कित्येक दशके काढल्या. मूळ लिस्टरच्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनाला सिलिंडर एकच, पण त्याचे आकारमान १४३३ घनसेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. बांधावरच्या स्प्लेंडरचे इंजिन अवघे ९७.२ घनसेंटिमीटरचे, आणि त्याची ताकद मात्र आठ अश्वशक्ती. जवळजवळ पंधरापट लहान इंजिन मोठ्या इंजिनाला ताकदीत मागे टाकते. तरीही विहिरीवर स्प्लेंडरचे इंजिन बसवावे असे कोणा शेतकऱ्याला वाटत नाही, आणि त्याचे ते न वाटणे बरोबर आहे.

घनसेंटिमीटरलाच बोलीत सीसी म्हणतात. पिस्टन सिलिंडरच्या तळापासून माथ्यापर्यंत सरकताना जेवढी जागा झाडून काढतो, तेवढे इंजिनाचे आकारमान. सिलिंडरच्या आतल्या व्यासाला बोअर आणि पिस्टनच्या एका धावेच्या अंतराला स्ट्रोक म्हणतात. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. शाळेत शिकलेल्या वृत्तचितीच्या सूत्रात हे आकडे घातले की ९७.२ हे उत्तर येते. सिलिंडर अनेक असतील तर एकाचे आकारमान तितक्या पटींनी वाढवायचे. पिस्टन माथ्यावर पोचल्यावरही त्याच्या वर थोडी जागा उरते, ती या हिशेबात धरत नाहीत.

थोडक्यात, सीसी म्हणजे इंजिनाच्या छातीचे माप. एका दमात ते किती हवा आत घेऊ शकेल, एवढेच त्यातून कळते. खरे काम करते ती हवा आणि तिच्यात जळणारे इंधन. ताकद किती मिळणार हे तीन गोष्टींवर ठरते: एका दमात हवा किती, त्या हवेत इंधन जळून पिस्टनवर दाब किती पडतो, आणि असे दम मिनिटाला किती घेतले जातात. सीसीच्या आकड्यात यांतली पहिलीच गोष्ट येते, आणि तीही पुरती नव्हे, कारण छातीएवढी हवा दर वेळी भरतेच असे नाही.

ढकलण्याच्या जोराला, म्हणजे टॉर्कला, अश्वशक्तीपासून वेगळे काढले की चित्र बरेच स्वच्छ होते. टॉर्क म्हणजे क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, बसणारा पीळ. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. टॉर्कला फेऱ्यांच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. आता तीन ओळखीच्या मोटारसायकली घेऊ. स्प्लेंडर ८.०५ न्यूटन-मीटर, रॉयल एनफील्डची ३४९ सीसीची क्लासिक २७ न्यूटन-मीटर आणि चाकणच्या बजाज कारखान्यात बनलेली ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक ३७ न्यूटन-मीटर. दर लिटरमागे हिशेब केला तर स्प्लेंडरचा टॉर्क ८३, क्लासिकचा ७७ आणि ड्यूकचा ९९ पडतो. तीन तऱ्हांच्या, तीन किमतींच्या आणि तीन स्वभावांच्या या गाड्या, तरी आकडे एकमेकांच्या आसपासच घुटमळतात. बाहेरची हवा स्वतःच्या ओढीने घेणाऱ्या पेट्रोल इंजिनात एक लिटर हवा साधारण एवढाच पीळ देते. रचना चांगली असेल तर शंभरापर्यंत जाते, त्यापुढे फार नाही. टॉर्कचा अंदाज सीसीवरून बांधता येतो, तो यामुळे.

अश्वशक्तीचा मात्र येत नाही. क्लासिकची ताकद सुमारे २० अश्वशक्ती आणि ड्यूकची ४३. आकारमानात फरक सात टक्क्यांचा आणि ताकदीत दुपटीहून जास्त. कारण दम घेण्याचा वेग. क्लासिकला आपली पूर्ण ताकद मिनिटाला ६१०० फेऱ्यांवर मिळते, ड्यूकला ९००० फेऱ्यांवर. शिवाय त्या वेगातही ड्यूकच्या सिलिंडरमध्ये हवा नीट भरते, कारण तिला चार व्हॉल्व आहेत आणि कॅमशाफ्ट माथ्यावर दोन आहेत; क्लासिकला दोनच व्हॉल्व. याची दुसरी बाजूही आहे. क्लासिकचा सर्वाधिक टॉर्क ४००० फेऱ्यांवरच हाताशी येतो, तर ड्यूकला त्यासाठी ७००० पर्यंत जावे लागते. घाटात मागे माणूस बसवून वरच्या गिअरमध्ये शांतपणे चढायचे असेल तर कमी अश्वशक्तीची गाडी जास्त सोयीची वाटते, ती उगाच नव्हे.

मग सगळ्याच इंजिनांना वेगाने का पळवत नाहीत? इथे पिस्टनची दमछाक आड येते. पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि दोनदा धावतो. फेऱ्या वाढल्या की त्याच्यावर आणि त्याच्या दांड्यावर पडणारा ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून अभियंते फेऱ्यांपेक्षा पिस्टनचा सरासरी वेग पाहतात. क्लासिकचा स्ट्रोक ८५.८ मिलिमीटरचा, ड्यूकचा ६०. क्लासिकचा पिस्टन ६१०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे साडेसतरा मीटर धावतो आणि ड्यूकचा ९००० फेऱ्यांवर अठरा मीटर. ऐकायला एक गाडी संथ आणि दुसरी उतावीळ, पण आतले पिस्टन जवळपास एकाच वेगाने पळत असतात! लिस्टरचा पिस्टन ६५० फेऱ्यांवर सेकंदाला तीन मीटरच चालतो, आणि म्हणूनच ते इंजिन पिकाला पाणी देत रात्रंदिवस चालू शकते. ताकद आणि आयुष्य यांचा हा सौदा आहे. लिस्टरने आयुष्याच्या बाजूने तो केला.

जास्त फेऱ्या हव्यात तर स्ट्रोक आखूड करावा लागतो, आणि स्ट्रोक आखूड करूनही आकारमान राखायचे तर सिलिंडर वाढवावे लागतात. कावासाकीच्या झेडएक्स-२५आर या मोटारसायकलीत २५० सीसी चार सिलिंडरांत वाटलेले आहेत. तिचा बोअर स्प्लेंडरइतकाच, ५० मिलिमीटर. स्ट्रोक मात्र ३१.८. ती १५,५०० फेऱ्यांवर सुमारे ४५ अश्वशक्ती देते. म्हणजे स्प्लेंडरच्याच तोंडाचे पण त्याहून उथळ, ६२ सीसीचे एकेक सिलिंडर अकरा अश्वशक्तीच्या वर जाते. अशा इंजिनात सुटे भाग चौपट, बारकावे कितीतरी पट आणि किंमत त्याहून जास्त.

आतापर्यंतची सगळी इंजिने चार धावांची, म्हणजे फोर-स्ट्रोक होती. त्यांत प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटते: हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे. टू-स्ट्रोक इंजिन हेच काम एका फेरीत उरकते, म्हणून त्याच आकारमानात त्याला दुप्पट वेळा पेटायला मिळते. १९८५ साली भारतात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी आल्या. हिरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक, ९७ सीसी, सात-साडेसात अश्वशक्तीची. यामाहाची आरएक्स १०० टू-स्ट्रोक, ९८ सीसी, अकरा अश्वशक्तीची. ज्यांनी त्या काळी दोन्ही चालवल्या त्यांना आकडे सांगायची गरज नाही. सीसी सारखा असून ताकद दीडपट झाली, पण दुप्पट झाली नाही. टू-स्ट्रोकमध्ये जुना धूर ढकलायला नवे मिश्रणच वापरतात, आणि त्यातला काही भाग न जळताच धुरांड्यातून निसटतो. ताकद कमी पडते ती तिथे, पेट्रोलही जाते ते तिथेच. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्या या एका दोषापायी गेल्या.

शर्यतींच्या आयोजकांना हा दुपटीचा हिशेब फार आधीपासून सोडवावा लागत होता. मोटोजीपीच्या २००२ सालच्या नियमांनी ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींसमोर ९९० सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोक उतरवायला परवानगी दिली. कागदावर बरोबरी झाली. मैदानात फोर-स्ट्रोकनी बाजी मारली.

सीसी मोजायचा कसा, इथपासून वाद सुरू होतो तो वान्केल इंजिनात. जर्मनीच्या फेलिक्स वान्केल यांच्या कल्पनेवरचे हे इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ साली प्रथम चालले आणि पुढे जपानच्या माझदाने ते जोपासले. त्यात खालीवर होणारा पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी फिरता भाग, रोटर, कंबरेत किंचित चेपलेल्या घरात फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात. माझदाच्या आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर होते आणि प्रत्येक कप्पा ६५४ सीसीचा. कंपनीने रोटरमागे एकच कप्पा धरला आणि इंजिन १३०८ सीसीचे असल्याचे सांगितले. त्या हिशेबाने जपानी आवृत्तीची २५० अश्वशक्ती थक्क करणारी ठरते. पण हे इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेरीत १३०८ सीसी हवा घेते, आणि साधे फोर-स्ट्रोक इंजिन तेवढी हवा दर फेरीत घेण्यासाठी २६१६ सीसीचे असावे लागते. उलट, रोटरचा स्वतःचा एक पूर्ण फेरा धरला तर तिन्ही कप्पे मोजावे लागतात आणि आकडा ३९२४ वर जातो. तिन्ही उत्तरांना आधार आहे. फोर-स्ट्रोकशी तुलना करायची असेल तर मधले उत्तर प्रामाणिक. जपानच्या करखात्याने चौथाच मार्ग काढला: वान्केलचा आकडा दीडपट धरायचा. त्यामुळे १३०८ चे १९६२ झाले आणि गाडी दोन लिटरच्या आतल्या करात बसली.

छातीचे माप न बदलता जास्त हवा भरण्याची युक्ती म्हणजे टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी याचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. सामान्य मोटारींत ती युक्ती रुळायला मात्र बरीच दशके गेली.

पुण्यात घडलेल्या आणि पुण्याजवळ बनलेल्या दोन डिझेल इंजिनांची तुलना इथे बोलकी आहे. १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाचे पहिले डिझेल इंजिन १४०५ सीसीचे, बिनटर्बोचे. त्याचा टॉर्क सुमारे ८५ न्यूटन-मीटर आणि ताकद सुमारे ५३ अश्वशक्ती. पुढे रांजणगावच्या कारखान्यात फियाटच्या रचनेचे १२४८ सीसीचे टर्बो डिझेल बनू लागले. फियाट, टाटा आणि मारुती या तिघांच्याही गाड्यांत ही रचना गेल्याने तिला देशाचे इंजिन म्हणायची पद्धत पडली. तिचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर आणि ताकद ७५ अश्वशक्ती. आकारमान घटले, टॉर्क दुपटीहून वाढला. याच इंजिनाला पात्यांचा कोन बदलणारा टर्बो बसवला की त्याच १२४८ सीसीमधून ९० अश्वशक्ती निघत असे.

पेट्रोलमध्ये तर सीसी अगदी तंतोतंत सारखा असलेली जोडीच सापडते. होंडा सिटीचे बिनटर्बो इंजिन १४९८ सीसीचे, १२१ अश्वशक्ती आणि १४५ न्यूटन-मीटर. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे टर्बो इंजिनही १४९८ सीसीचेच, पण १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर. अश्वशक्तीतला फरक चोवीस टक्के, टॉर्कमधला बहात्तर. खरा फरक चालवताना जाणवतो तो दुसरा. होंडाला आपला सर्वाधिक टॉर्क ४३०० फेऱ्यांवर मिळतो, फोक्सवॅगनला तो १६०० वरच मिळतो आणि ३५०० पर्यंत टिकतो. लडाखला गेलेल्यांना टर्बोचा आणखी एक फायदा ठाऊक असतो. लेहची उंची साडेतीन हजार मीटर. तिथली हवा इतकी विरळ की बिनटर्बो इंजिनाची जवळपास तिसरा हिस्सा ताकद हरवते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

टर्बोची हद्द कुठवर जाते हे १९८०च्या दशकातल्या फॉर्म्युला वनने दाखवले. तेव्हाचा नियम असा की बिनटर्बो इंजिन तीन लिटरचे आणि टर्बो इंजिन त्याच्या निम्मे, दीड लिटरचे. नियम करणाऱ्यांना दीड लिटरमध्ये फारसे काही निघेल असे वाटले नव्हते. बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडरांच्या १४९९ सीसी इंजिनाचा ठोकळा साध्या विक्रीच्या मोटारीतल्या ठोकळ्यावर आधारलेला होता. १९८३ मध्ये नेल्सन पिके त्याच्या जोरावर जगज्जेता झाला. १९८६ मधल्या पात्रता फेऱ्यांत त्यातून हजाराहून जास्त अश्वशक्ती निघत होती, आणि एवढ्या ताकदीचे इंजिन काही फेऱ्यांतच निकामी होत असे. २०१४ पासून तिथे १.६ लिटरचे टर्बो इंजिन आले, आणि नियमकर्त्यांनी सीसीच्या जोडीला इंधनाच्या प्रवाहावरही मर्यादा घातली: ताशी १०० किलो. ताकद शेवटी इंधनातून येते, आणि मोजायचे तर तेच मोजावे, हा त्यातला शहाणपणा. तो यायला साठ-पासष्ट वर्षे लागली.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. टोयोटाच्या १७९८ सीसीच्या एका इंजिनाच्या दोन आवृत्त्या होत्या. कोरोला आल्टिसमध्ये ते १४० अश्वशक्ती देई, तर प्रियस या हायब्रिड गाडीत जेमतेम १००. प्रियसच्या इंजिनाचे व्हॉल्व मुद्दाम उशिरा बंद होतात आणि आत आलेली काही हवा परत बाहेर जाऊ देतात. हवा कमी, ताकद कमी. पण जळालेला वायू पुरता पसरेपर्यंत काम करत राहतो आणि इंधनातली अधिक ऊर्जा हाती लागते. कमी पडलेली ताकद विजेची मोटर पुरवते.

अमेरिकेचा इतिहास आणखी वेगळा धडा देतो. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाची ताकद १९७० मध्ये ४०० अश्वशक्ती छापली जाई, १९७६ मध्ये त्याच आकारमानाला १९०. यातली काही घट खरी होती, कारण प्रदूषणाचे नियम आणि शिशाविना पेट्रोल यांमुळे हवा दाबण्याचे प्रमाण खाली आणावे लागले. बाकीची कागदावरची होती. १९७२ च्या आधी तिथले उत्पादक इंजिन उघडे ठेवून, सायलेन्सर आणि इतर जोडण्या काढून मोजलेली ताकद छापत. नंतर गाडीत बसते तसे इंजिन मोजू लागले. जुन्या गाड्यांच्या आकड्यांशी तुलना करताना हा फरक विसरला की मोठी फसगत होते. लहान फसगत एककांची. मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची, ब्रिटिश ७४५.७ वॅटची, आणि जाहिरातीत बहुधा मोठा दिसणारा आकडा छापतात.

दर लिटरमागची ताकद हेच इंजिनाच्या श्रेष्ठतेचे माप धरले, तर जगातले सर्वांत वाईट इंजिन महाकाय मालवाहू जहाजांत सापडेल. २००६ मध्ये समुद्रात उतरलेल्या एमा मर्स्क जहाजावरच्या वार्टसिला कंपनीच्या रचनेच्या इंजिनाला चौदा सिलिंडर आहेत. एकेकाचा बोअर ९६ सेंटिमीटर आणि स्ट्रोक अडीच मीटर, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान १८०० लिटरहून अधिक. सगळे मिळून २५,००० लिटरच्या वर. ते मिनिटाला फक्त १०२ फेरे मारते आणि सुमारे ८०,००० किलोवॅट देते. दर लिटरमागे पडतात जेमतेम ३.२ किलोवॅट, स्प्लेंडरला पडतात साठ. पण इंधनातली अर्ध्याच्या आसपास ऊर्जा कामी लावणारी जी थोडी पिस्टन इंजिने आहेत, त्यांत हे जहाजी इंजिन येते. जहाजाला जागेची चणचण नसते, इंधनाच्या बिलाची असते.

या सगळ्यावरून दिसते की सीसी हे तुलनेचे माप म्हणून एकाच जातीच्या इंजिनांपुरते बरे आहे. सरकारांना मात्र ते फार सोयीचे वाटत आले, कारण मोजायला सोपे आणि लपवायला अवघड. ब्रिटनने विसाव्या शतकाच्या आरंभी याहूनही तोकडे माप वापरले: फक्त बोअर आणि सिलिंडरांची संख्या पाहून ते कराची अश्वशक्ती ठरवत, स्ट्रोक हिशेबातच नसे. परिणामी तिथले कारखानदार कित्येक वर्षे अरुंद बोअरची, लांब स्ट्रोकची इंजिने बनवत राहिले. जपानने छोट्या मोटारींसाठी आधी ३६०, मग ५५० आणि १९९० पासून ६६० सीसीची मर्यादा घातली. भारतात ओळख झालेल्या मारुती ८०० चे जपानी भावंड याच कारणाने साडेपाचशे सीसीच्या आतल्या इंजिनावर धावे.

भारतातही रेघा सीसीवरच ओढलेल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या दुचाकीला ४० टक्के. चार मीटरच्या आतल्या मोटारींना पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत १८ टक्के लागतात. मारुतीची फ्रॉन्क्स दोन पेट्रोल इंजिनांत मिळते: ११९७ सीसीचे बिनटर्बो सुमारे ९० अश्वशक्तीचे, आणि ९९८ सीसीचे टर्बो १०० अश्वशक्तीचे. दोन्हींवर जीएसटीचा दर एकच आहे.